झीरोएमक्यूच्या ईपीजीएम मल्टिकास्टवर संदेश उशिरा पोहोचतात, काही गळतात आणि एका स्विचमागची टर्मिनले चार मिनिटांनी गप्प होतात

बुटीबोरीकर (प्रश्न)

नमस्कार. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका सूतगिरणीत आम्ही यंत्रांची चालू स्थिती दाखवणारी प्रणाली बसवत आहोत. रिंगफ्रेम (सूत कातणारी) आणि ऑटोकोनर (सूत कोनांवर गुंडाळणारी) यंत्रांच्या पीएलसींकडून, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकांकडून, येणारी माहिती सर्व्हर रूममधला एक लिनक्स सर्व्हर गोळा करतो आणि वेगवेगळ्या खात्यांत लावलेल्या ६० टर्मिनलांना पाठवतो. सर्व टर्मिनलांना तीच माहिती हवी असते. सर्व्हर रूमपासून यंत्रशाळेपर्यंतची फायबर जोडणी जुन्या मीडिया कन्व्हर्टरमुळे १०० मेगाबिटचीच आहे आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा बराचसा डेटा तिच्यावरूनच जातो. म्हणून प्रत्येक टर्मिनलाला स्वतंत्र टीसीपी जोडणी देण्यापेक्षा मल्टिकास्ट, म्हणजे एकदाच पाठवलेले पॅकेट गटातील सर्वांना मिळण्याची पद्धत, आम्हाला योग्य वाटली.

प्रोग्रॅम सी++ मध्ये असून संदेश पाठवण्यासाठी झीरोएमक्यूच्या लिबझेडएमक्यू या लायब्ररीची ४.३ ही आवृत्ती वापरली आहे. सर्व्हरवर पब (पाठवणारा) सॉकेट आणि टर्मिनलांवर सब (घेणारा) सॉकेट आहे. पत्त्यात ईपीजीएम (पीजीएम या विश्वासार्ह मल्टिकास्ट प्रोटोकॉलचा एक प्रकार), नेटवर्क कार्डाचे नाव, अर्धविराम आणि त्यापुढे २३९.१९२.१.१:५५५५ असे दिले आहे. सॉकेटचे बाकीचे पर्याय मूळ किमतीवरच आहेत. एक संदेश सुमारे ४०० बाइटांचा असतो आणि सेकंदाला साधारण २०० संदेश निघतात. प्रत्येक संदेशात आमचा स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे काही गळले तर ते लगेच दिसते.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, सर्व्हर सुरू होताच माहिती वेळेवर येते, पण थोड्याच वेळात सगळी टर्मिनले सुमारे अर्धा मिनिट मागे पडतात, त्यानंतर तेवढीच मागे राहतात आणि क्रमांकांत मोठमोठी भगदाडे दिसू लागतात. दुसरी अशी की, ऑटोकोनर खात्यातील टर्मिनले साधारण चार-सव्वाचार मिनिटांनी पूर्णपणे गप्प होतात. त्यांचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की ती लगेच चालू होतात आणि तेवढ्याच वेळाने परत थांबतात. त्या खात्यात अलीकडे नवा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच बसवला आहे. इतर खात्यांत साधे अनमॅनेज्ड स्विच आहेत आणि तिथे हा प्रकार होत नाही.

हाच प्रोग्रॅम टीसीपी पत्त्यावर चालवला की एकही संदेश गळत नाही. पीजीएमला विश्वासार्ह मल्टिकास्ट म्हणतात, तर मग संदेश गळावेतच का? दोष लायब्ररीत आहे की आमच्या नेटवर्कमध्ये, हे कसे ठरवावे?

रामदासपेठ_लिनक्स

आपण आकडे दिले आहेत, त्यामुळे पहिल्या अडचणीचे उत्तर गणितानेच मिळते. ४०० बाइटांचे २०० संदेश म्हणजे सेकंदाला ८०,००० बाइट, म्हणजेच ६४० किलोबिट. झीरोएमक्यूमध्ये मल्टिकास्ट पाठवण्याचा कमाल वेग झेडएमक्यू_रेट या पर्यायाने ठरतो आणि त्याची मूळ किंमत सेकंदाला अवघी १०० किलोबिट आहे. आपले नेटवर्क एक गिगाबिटचे असो की १०० मेगाबिटचे, हा पर्याय बदललेला नसेल तर लायब्ररी १०० किलोबिटच्या वर जात नाही. त्या वेगात आपले सेकंदाला जेमतेम ३१ संदेश बाहेर पडतात.

उरलेले सुमारे १७० संदेश दर सेकंदाला सॉकेटच्या रांगेत साचतात. रांगेची मर्यादा, म्हणजे झेडएमक्यू_एसएनडीएचडब्ल्यूएम, मुळात १,००० संदेशांची असते आणि ती पाच-सहा सेकंदांत भरते. रांग भरल्यावर पब सॉकेट वाट पाहत नाही. तो नवे संदेश टाकून देतो आणि प्रोग्रॅमला त्याची कोणतीही सूचना देत नाही. रांगेत कायम १,००० संदेश उभे आणि पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला ३१, म्हणजे रांगेत शिरलेला संदेश ३२ सेकंदांनी बाहेर पडणार. आपले अर्धे मिनिट ते हेच. क्रमांकांतली भगदाडेही इथेच, सर्व्हरच्या आत तयार होत आहेत. जे संदेश तारेवर कधी उतरलेच नाहीत, ते पीजीएमला पुन्हा पाठवता येणार नाहीत.

टीसीपीला हा पर्याय लागू नसल्यामुळे तिथे सर्व सुरळीत दिसले.

झेडएमक्यू_रेट ५,००० करावा, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट. सरासरी वापरापेक्षा ही मर्यादा बरीच वर ठेवण्याचे कारण असे की, यंत्रे एकदम सुरू होतात तेव्हा संदेशांची लाट येते आणि हरवलेली पॅकेटे पुन्हा पाठवायलाही जागा लागते. मात्र ती एकदम १०० मेगाबिटपर्यंत नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. टीसीपी जसे गर्दी पाहून आपला वेग उतरवते, तसे झीरोएमक्यूच्या ईपीजीएममध्ये होत नाही. आपण दिलेली मर्यादा हाच तिथला लगाम आहे, आणि आपल्या जोडणीवर कॅमेऱ्यांचा डेटाही आहे.

दोन गोष्टी विसरू नयेत. हा पर्याय बाइंड किंवा कनेक्ट करण्याच्या आधी द्यावा लागतो. नंतर दिला तर आधीच जोडलेल्या पत्त्यावर त्याचा परिणाम होत नाही. दुसरे असे की, तो टर्मिनलांवरही तेवढाच ठेवावा, कारण घेणाऱ्या बाजूच्या विंडोचा (पॅकेटे तात्पुरती जपण्याच्या जागेचा) आकारही लायब्ररी याच किमतीवरून काढते.

नेटवर्क_शिकवते

रामदासपेठ यांचे उत्तर योग्य आहे. मी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक जाळी हा विषय शिकवते. दुसरी अडचण आणि ‘विश्वासार्ह’ या दाव्याचा प्रश्न, या दोन्हींबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

चार-सव्वाचार मिनिटे हा आकडा ओळखीचा आहे. टर्मिनलावरचा प्रोग्रॅम मल्टिकास्ट गटात (आपल्याकडे २३९.१९२.१.१) सामील होतो तेव्हा तो आयजीएमपीचा, म्हणजे गटाचे सदस्यत्व कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा, एक अहवाल पाठवतो. आपल्या मॅनेज्ड स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू असणार. तो हा अहवाल वाचतो आणि त्या गटाची पॅकेटे त्या पोर्टकडे सोडू लागतो. ही नोंद कायमची नसते. नेटवर्कमध्ये एक क्वेरिअर असावा, त्याने दर १२५ सेकंदांनी कोण कोणत्या गटात आहे हे विचारावे, टर्मिनलांनी उत्तर द्यावे आणि त्या उत्तरांनी नोंद ताजी राहावी, अशी ही योजना आहे. दोन फेऱ्या आणि उत्तरासाठीचे १० सेकंद मिळून २६० सेकंदांत काहीच ऐकू आले नाही, तर नोंद पुसली जाते. २६० सेकंद म्हणजे चार मिनिटे वीस सेकंद. हे काम सहसा मल्टिकास्ट चालवणारा राउटर करतो. आपल्याकडे सगळे एकाच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या एकाच आभासी भागात) असल्यामुळे तसा राउटर नसावा, म्हणून विचारणाराच कोणी नाही. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की नवा अहवाल जातो आणि आणखी चार मिनिटांची मुदत मिळते. साधे स्विच मल्टिकास्ट सर्व पोर्टांवर सोडतात, त्यामुळे इतर खात्यांत काही बिघडलेले दिसत नाही.

उपाय सोपा आहे. त्याच मॅनेज्ड स्विचच्या सेटिंगमध्ये आयजीएमपी क्वेरिअर चालू करावा आणि त्या व्हीलॅनसाठी स्विचला एक आयपी पत्ता द्यावा. पुढे आणखी मॅनेज्ड स्विच आले आणि त्यांच्यावरही क्वेरिअर चालू राहिला, तर सर्वांत लहान आयपी पत्त्याचा क्वेरिअर काम करतो आणि बाकीचे थांबतात, त्यामुळे भांडण होत नाही. अनेक जण स्नूपिंगच बंद करून टाकतात. तसे करू नये, कारण मग या गटाची पॅकेटे त्या खात्यातील कॅमेऱ्यांसकट प्रत्येक उपकरणाकडे जाऊ लागतील. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ या पत्त्यांवर स्नूपिंग लागू होत नाही म्हणून त्यांतलाच एखादा वापरण्याचा सल्लाही कधी कधी दिला जातो. ते पत्ते राउटिंगसारख्या कामांसाठी राखीव आहेत. आपला २३९.१९२.१.१ हा संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी ठेवलेल्या पट्ट्यातला असल्यामुळे योग्य आहे.

आता मूळ प्रश्न. पीजीएमचे वर्णन डिसेंबर २००१ च्या आरएफसी ३२०८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलांच्या दस्तऐवज-मालिकेतील एक) आहे आणि त्याचा दर्जा प्रायोगिक आहे. त्यात दिलेली हमी बारकाईने वाचायला हवी. घेणाऱ्याला सर्व पॅकेटे मिळतील, किंवा भरून न येणारी गळती झाली आहे हे त्याला ओळखता येईल, एवढेच ती म्हणते. ‘किंवा’ च्या पुढचा भाग बहुतेकांच्या वाचनातून निसटतो, आणि माझ्या मते या लायब्ररीबद्दलच्या अर्ध्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

टीसीपीमध्ये मिळालेल्या डेटाची पोच पाठवणाऱ्याला जाते. ६० जणांच्या वर्गात प्रत्येक वाक्यानंतर प्रत्येकाने ‘ऐकले’ असे म्हणायचे ठरवले, तर तास त्यातच संपेल. म्हणून ज्याला ऐकू आले नाही त्यानेच हात वर करायचा, अशी पीजीएमची रीत आहे. टर्मिनलाला क्रमांकांत खंड दिसला की ते थोडा वेळ यादृच्छिक थांबून पाठवणाऱ्याला नॅक, म्हणजे ‘हे मिळाले नाही’ असा संदेश, पाठवते. पाठवणारा ‘नॅक मिळाला’ अशी खात्री सर्व गटाला देतो, म्हणजे तेच पॅकेट हरवलेली इतर टर्मिनले स्वतःचा नॅक आवरतात, आणि मग हरवलेले पॅकेट पुन्हा गटाला पाठवले जाते. पीजीएम समजणारे राउटर वाटेत असतील तर ते बऱ्याच टर्मिनलांचे नॅक एकत्र करतात. ईपीजीएममध्ये मात्र हे सर्व यूडीपीच्या, म्हणजे पोच न घेता पॅकेटे पाठवणाऱ्या प्रोटोकॉलच्या, पोटात गुंडाळलेले असते, त्यामुळे ती मदत धरून चालू नये. त्या बदल्यात रॉ (थेट आयपीवर लिहिणारे) सॉकेट आणि त्यासाठी लागणारे रूटचे अधिकार यांची गरज पडत नाही. शुद्ध पीजीएम हा आयपीवरचा ११३ क्रमांकाचा स्वतंत्र प्रोटोकॉल असल्यामुळे तिथे ते अधिकार लागतात.

पाठवणारा जुनी पॅकेटे किती काळ जपून ठेवतो, यावर सर्व अवलंबून आहे. झीरोएमक्यूमध्ये ही मर्यादा म्हणजे वेग गुणिले झेडएमक्यू_रिकव्हरी_आयव्हीएल, ज्याची मूळ किंमत १०,००० मिलिसेकंद, म्हणजे १० सेकंद आहे. १०० किलोबिटला १० सेकंद म्हणजे १,२५,००० बाइट, म्हणजे १,५०० बाइटांची साधारण ८३ पॅकेटे. वेग ५,००० केल्यावर हीच विंडो साडेबासष्ट लाख बाइटांची होईल, आणि एवढी स्मृती आपल्या सर्व्हरला मुळीच जड नाही. गिगाबिटच्या वेगाला एक मिनिटाची मुदत दिली तर मात्र सुमारे ७ जीबी स्मृती अडकून राहते, म्हणून दोन्ही आकडे एकदम वाढवू नयेत.

एखादे टर्मिनल या विंडोपेक्षा जास्त काळ तुटले, तर मधला डेटा गेला तो गेला. अशा वेळी झीरोएमक्यू अर्धवट संदेश टाकून देते आणि पुढच्या पूर्ण संदेशाच्या सुरुवातीपासून वाचन चालू करते. आपल्या प्रोग्रॅमला ती काहीही कळवत नाही. आरएफसी ज्या ‘ओळखता येईल’ ची हमी देते, ती ओळख लायब्ररीच्या आतच राहते. म्हणून आपण स्वतःचा क्रमांक ठेवला आहे ते अत्यंत आवश्यक आहे आणि तो कधीही काढू नये.

बुटीबोरीकर

आपणा दोघांचेही मनापासून आभार. वेगाचा पर्याय दोन्ही बाजूंना ५,००० केल्यावर विलंब पूर्ण गेला. क्वेरिअर चालू केल्यापासून ऑटोकोनर खात्यातील टर्मिनलेही अखंड चालू आहेत.

तरीही थोडी गळती शिल्लक आहे. दिवसातून काही वेळा, बहुधा कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग कार्यालयातून पाहिले जाते तेव्हा, काही टर्मिनलांवर पाच-दहा क्रमांक एकदम निसटतात. १० सेकंदांची विंडो असताना ही पॅकेटे भरून यायला हवी होती, असे मॅडमच्या उत्तरावरून वाटते. सर्व्हरवर फायरवॉल आहे. तीत आम्ही एसएसएच आणि पीएलसींसाठी लागणारे टीसीपी पोर्ट आत येण्यासाठी उघडले आहेत. बाहेर जाणाऱ्या डेटावर बंधन नाही.

आणखी एक विचारायचे होते. पर्यवेक्षकांना वायफायवर चालणारे टॅब्लेट द्यायचे आहेत. तेही याच गटात सामील करता येतील का?

हिंगणा_ऑटोमेशन

आपल्या फायरवॉलच्या वाक्यातच उत्तर आहे. डेटा मल्टिकास्टने बाहेर जातो, पण टर्मिनलांचा नॅक सर्व्हरच्या स्वतःच्या आयपी पत्त्यावर, यूडीपीच्या त्याच ५५५५ पोर्टवर युनिकास्टने येतो. ते पोर्ट आत येण्यासाठी उघडे नसेल, तर हात वर केलेले सर्व्हरला कधी दिसतच नाहीत. फायरवॉल जोडणीची स्थिती लक्षात ठेवणारी असली तरी उपयोग नाही, कारण बाहेर गेलेले पॅकेट २३९.१९२.१.१ ला गेले होते आणि आत येणारे पॅकेट एखाद्या टर्मिनलाच्या पत्त्यावरून येते. दोन्हींचा मेळ तिला लागत नाही. हा दोष फार फसवा आहे, कारण नेटवर्क निरोगी असताना काहीच जाणवत नाही आणि जोडणीवर ताण आला की सर्व काही विश्वासार्ह नसलेल्या यूडीपीसारखे वागू लागते. सर्व्हरवर टीसीपीडंप (पॅकेटे पाहण्याचे साधन) लावून ५५५५ पोर्टवर आत येणारी यूडीपी पॅकेटे पाहावीत आणि टर्मिनलांच्या पट्ट्यापुरते ते पोर्ट उघडावे.

त्याबरोबर टर्मिनलांवर लिनक्सची सॉकेट बफरची कमाल मर्यादाही वाढवून ठेवावी, कारण लहान संगणकांवर पॅकेट तारेवरून नीट येऊनही बफर भरल्यामुळे टाकले जाते. तसेच त्या १०० मेगाबिटच्या जोडणीच्या दोन्ही टोकांच्या स्विचवर या गटाच्या पॅकेटांना कॅमेऱ्यांपेक्षा वरची पायरी देता आली तर द्यावी. साधा स्विच हे करू शकणार नाही. बदलायचाच असेल तर सर्व्हरकडचा आधी बदलावा. आणखी एक गोष्ट, जी कागदावर दिसत नाही: आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या पेटीत बसवलेले स्विच आणि मीडिया कन्व्हर्टर किती तापतात हे आपण जाणताच. पोर्टवरच्या सीआरसी चुका (वाटेत बिघडलेल्या पॅकेटांची मोजणी) दुपारी वाढतात का, हे मॅनेज्ड स्विचवर पाहून ठेवावे. पीजीएम त्या चुका झाकून घेईल, पण झाकलेली चूक वाढत जाते.

वायफायवरील टॅब्लेटांना या गटात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वायफायवर मल्टिकास्ट फ्रेमला पोच नसते, त्यामुळे ती हवेत हरवली तर ॲक्सेस पॉइंट पुन्हा पाठवत नाही, आणि तो ती बहुधा सर्वांत कमी वेगाने सोडतो. दूरच्या कोपऱ्यातले एक टॅब्लेट सतत नॅक पाठवत राहील, आणि त्याच्यासाठी पुन्हा पाठवलेले प्रत्येक पॅकेट तारेवरच्या ६० टर्मिनलांकडेही जाईल. एका दुबळ्या सदस्याचा भार सर्व गटावर पडणे, हा या पद्धतीचा अंगभूत दोष आहे.

रामदासपेठ_लिनक्स

टॅब्लेटांसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहिण्याची गरज नाही. झीरोएमक्यूचा एकच पब सॉकेट एकाच वेळी ईपीजीएम पत्त्यावर आणि टीसीपी पत्त्यावरही चालू शकतो. प्रत्येक संदेश दोन्हीकडे जातो. टॅब्लेटांनी टीसीपीवर सब सॉकेट जोडावा. तिथे विषयानुसार गाळणी पाठवणाऱ्याच्या बाजूला होते, त्यामुळे पर्यवेक्षकाला फक्त त्याच्या खात्याचेच संदेश पाठवले जातील. ईपीजीएमवर सर्व काही प्रत्येक टर्मिनलापर्यंत जाते आणि गाळणी टर्मिनलावर होते, हेही ध्यानात ठेवावे.

मल्टिकास्ट खरोखर हवेच का, हा प्रश्न कोणी तरी विचारायला हवा, म्हणून विचारतो. ६४० किलोबिट गुणिले ६० म्हणजे साडेअडतीस मेगाबिटच्या आसपास. कॅमेरे नसते तर मी निःसंकोच टीसीपी सुचवले असते, कारण ते समजायला आणि तपासायला सोपे आहे. आपल्या १०० मेगाबिटच्या जोडणीवर कॅमेरे असल्यामुळे मल्टिकास्टचा निर्णय मला समर्थनीय वाटतो. फायबरच्या टोकांना गिगाबिट उपकरणे बसली की मात्र याचा फेरविचार करावा. लिबझेडएमक्यूमध्ये ४.१ पासून नॉर्म हा आणखी एक विश्वासार्ह मल्टिकास्ट मार्ग आहे. त्याचे वर्णन २००९ च्या आरएफसी ५७४० मध्ये आहे. पण तोही नॅकवरच उभा आहे, त्यामुळे केवळ तो वापरल्याने आपल्या आताच्या अडचणी सुटल्या नसत्या.

नेटवर्क_शिकवते

फायरवॉल उघडल्यावर उरलेली गळती जवळजवळ नाहीशी होईल. जी उरेल तिच्यासाठी प्रोग्रॅममध्येच तरतूद असावी, कारण एखादे टर्मिनल १० सेकंदांहून जास्त काळ बंद राहणे गिरणीत रोज घडेल, आणि नव्याने चालू झालेल्या टर्मिनलाला आधीचे संदेश कोणत्याही मार्गाने मिळत नाहीत. सर्व्हरवर सर्व यंत्रांची ताजी स्थिती ठेवणारा एक राउटर सॉकेट (झीरोएमक्यूचा, विनंत्यांना उत्तर देणारा) टीसीपीवर उघडावा. टर्मिनलाला क्रमांकांत खंड दिसला की त्याने आधी येणारे संदेश बाजूला साठवायला सुरुवात करावी, मग पूर्ण स्थिती मागावी. उत्तरासोबत सर्व्हरने ती स्थिती कोणत्या क्रमांकापर्यंतची आहे हे सांगावे आणि टर्मिनलाने साठवलेल्यांपैकी त्यापुढचेच संदेश लागू करावेत. हा क्रम उलटा केला, म्हणजे स्थिती आधी मागून संदेश नंतर साठवायला घेतले, तर मधल्या काही मिलिसेकंदांत आलेले संदेश पुन्हा निसटतात आणि ते शोधणे अवघड होते.

मागणी करण्यापूर्वी प्रत्येक टर्मिनलाने थोडा यादृच्छिक वेळ थांबावे, नाही तर जोडणी क्षणभर तुटली की साठही टर्मिनले एकाच क्षणी सर्व्हरवर येतील. संदेशात क्रमांकाबरोबर सर्व्हरच्या चालू सत्राची एक खूणही असावी. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर क्रमांक एकपासून सुरू होतात, आणि अशी खूण नसेल तर टर्मिनल नव्या संदेशांना जुने समजून टाकून देत राहील.